केसांचे पिंजरे

ही गोष्ट मी घरातल्या पोरांना इतक्या वेळा सांगितली आहे की दर खेपेला मी तिच्यात थोडा अधिक धीट होत गेलो आहे. फार धीट झालो की बायको स्वयंपाकघरातून खोकते आणि मी आवरतं घेतो. लिहिताना खोकायला कोणी नसतं, म्हणून आधीच कबूल करून टाकतो. मी त्या वेळी घाबरलो होतो. दचकलो वगैरे नव्हे, चांगला घाबरलो होतो.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची ही हकिकत. मी संगमनेरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. हुद्दा ऐकायला भारदस्त आहे, पण काम म्हणजे बेडूक आणि झुरळं. बेडकाला मेणाच्या ताटलीत टाचण्या टोचायच्या, झुरळाचा जबडा सोडवून काचेवर मांडायचा, आणि बाकावर कुणी किंचाळलं तर गंभीर चेहऱ्यानं 'शांतता' म्हणायचं. झुरळापलीकडचे किडे मला तुमच्याइतकेच ठाऊक होते. पण सोयऱ्याधायऱ्यांत बोलवा अशी होती की पोरगं किड्यांचं सगळं शिकलंय. ही बोलवा पसरवण्यात माझा हात नव्हता, असं छातीवर हात ठेवून म्हणता यायचं नाही.

माझी धाकटी बहीण अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अलीकडं डोंगराच्या पोटात दिली होती. भाताची खाचरं, हिरड्याची झाडं, चार महिने थांबायचं नाव न घेणारा पाऊस. घर खातंपितं. दाजी नगरला नागापूरच्या एका कारखान्यात लागलेले, पंधरवड्यातून एकदा घरी. घरात बहिणीची सासू, थोरली जाऊ आणि जावेचं पाच महिन्यांचं बाळ. जावेचे यजमान दिवसभर खाचरात.

श्रावण सरत आला होता तेव्हा बहिणीचं कार्ड आलं. कार्ड पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सगळे वाचतात, म्हणून तिनं लिहिलं होतं एवढंच: 'दादा, पोळ्याच्या आत येऊन जा. एकटाच ये. आईला सांगू नको.'

मी दुसऱ्या दिवशीची एसटी धरली.

दारात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील, पण उजेड दिवेलागणीचा होता. ढग कौलांवर टेकलेले. सासूबाईंना मी मावशी म्हणायचो, बहीण आत्याबाई. एरवी मी आलो की त्या फाटकापाशी येऊन माझ्या वाळक्या अंगावरून दोन शब्द बोलायच्या. त्या दिवशी पाण्याचा तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला नाही, समोर जमिनीवर ठेवला आणि मागं सरल्या. दाराशी बहिणीची लग्नातली पत्र्याची पेटी कडी लावून ठेवलेली होती. बहीण चुलीपुढं बसली होती. डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला. तो जरा ढळला तेव्हा दिसलं, तिची हाताच्या मनगटाएवढी वेणी सुतळीएवढी उरली होती.

आषाढात तिला मुदतीचा ताप आला होता हे मला ठाऊक होतं. ताप तीन आठवड्यांनी उतरला आणि मग केस मुठीमुठीनं गळायला लागले. आता आमच्याकडं बायका विंचरलेले केस वाऱ्यावर टाकत नाहीत. बोटाभोवती गुंडाळून त्याचं वेटोळं करायचं आणि भिंतीतल्या दगडांच्या फटीत कोंबायचं. दोनतीन महिन्यांनी डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई येते, ते केस घेते आणि बदल्यात सुया, दाभण, फार झालं तर एखादं भगुलं देते. बहिणीनं आपले केस मागच्या पडवीच्या भिंतीत ठेवले होते. इतके गळत होते की दोनतीन फटी भरून गेल्या.

नागपंचमी झाली आणि जावेच्या बाळानं दूध तोडलं. अंग कोमट लागायचं, पोट उडायचं, रडायचं तेही मांजरीच्या पिलासारखं बारीक. डॉक्टर तालुक्याला, ओढे भरलेले. खालच्या वाडीतला देवऋषी मात्र चालत येण्यासारखा होता. तो आला, बाळाला अंगारा लावला, घरभर फिरला आणि पडवीत त्या भिंतीपुढं उभा राहिला. मग म्हणाला, बाळाचा जीव ह्यात कोंडलाय. फोडू नका, जाळू नका, फोडला तर जीव जाईल. केसं जिची आहेत ती पोळ्याच्या अमावास्येच्या आत शिवेबाहेर गेली पाहिजे.

म्हणून ती पेटी.

हे सगळं बहिणीनं मला चुलीपाशी हळू आवाजात सांगितलं, पोळीचं पीठ मळता मळता. रडली नाही. करणी केली म्हणून परत पाठवलेल्या बाईला माहेरचं गावही पुन्हा उभं करत नाही, हे आम्हा दोघांनाही सांगायची गरज नव्हती. पोळ्याला पाच दिवस होते.

मी मावशींकडं जाऊन म्हणालो, मला ती भिंत बघायची आहे.

त्या पुढं झाल्या. पडवी घराच्या मागल्या अंगाला, डोंगराकडं तोंड करून. भिंत काळ्या दगडाची, आणि दगड दिसूच नये इतकं तिच्यावर दगडफूल चढलेलं. आपण मसाल्यात घालतो त्याच जातीचं, राखी-हिरवं, कडा मुडपलेलं. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला हा संसार आहे, कोण कुणाला पोसतं यावर आमच्यात अजून एकमत नाही, असं मी वर्गात सांगायचो आणि मुलं उपकार केल्यासारखी हसायची. पडवीत मला ते आठवलं नाही. ओल आणि शेणाचा वास येत होता. भिंतीपलीकडं बाळाची झोळी होती, तिच्या दोरीची कुरकुर ऐकू येत होती.

"मास्तर, तुमी शिकल्यालं हायेत," मावशी म्हणाल्या. "बघा, आन सांगा ह्ये काय हाय."

मी बॅटरी लावली. बहिणीच्या केसांची वेटोळी फटींतून डोकावत होती आणि त्यांच्या आसपास, दगडफुलावर, पिंजरे होते. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. भुईमुगाच्या शेंगेएवढा एकेक पिंजरा, काळ्या केसांचा विणलेला. आडवे केस, उभे केस, मधे सारखी चौकोनी भोकं. कुणी सवड काढून, चष्मा लावून, सुईनं विणावा तसा. आणि प्रत्येकाच्या ऐन मधोमध, कशालाही न टेकता, एक तपकिरी दाणा अधांतरी लटकलेला. सगळ्यांवर हळदकुंकू वाहिलेलं होतं.

मी चेहरा जवळ नेला. माझा श्वास लागला असेल. आतला दाणा वळला. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, झोपलेलं माणूस कूस बदलतं तसा.

आणि भिंतीपलीकडं बाळ रडलं.

बॅटरी माझ्या हातातून पडली. मी भिंतीला टेकून सावरलो आणि हात रुमालाला पुसला. मावशी माझ्याकडं बघत होत्या, भिंतीकडं नाही.

"कोळ्याची अंडी असतील," मी म्हणालो. नाहीत हे मला तोंड उघडायच्या आधीच ठाऊक होतं.

"कोळ्याला केसं असत्यात व्हय?" त्यांनी विचारलं आणि बॅटरी उचलून माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवली.

त्या रात्री मला ओसरीत अंथरूण दिलं होतं. पोरांना मी सांगतो की मी विचार करत जागा होतो. खरं म्हणजे घोंगडी डोक्यावरून घेऊन पडलो होतो आणि हात खाजवत होतो. तळहाताला, जिथं भिंतीला टेकलो तिथं, बारीक पुरळ उठलं होतं. सकाळी एसटीत बसलो तरी खाज थांबेना. राजूरच्या स्टँडवर चहा घेताना एकदम लक्षात आलं, की आजवर मी न्हाव्याच्या खुर्चीत बसलो, बहिणीच्या वेण्या घातल्या, जेवणात केस सापडून भांडलो, पण माणसाचा केस मला कधी चावलेला नाही.

कॉलेजात गेल्या गेल्या हातरुमाल झटकला. दोनतीन काळे केस मिळाले. एक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, शेजारी माझ्या डोक्यातला एक ठेवला. तेव्हा एखादा उपटून देणं मला परवडायचं. माझा केस गुळगुळीत, कळकाच्या काठीसारखा. दुसऱ्याला दोन्ही अंगांनी बारीक काटे, बाभळीच्या फांदीला असतात तसे. मी खुर्चीत मागं टेकलो आणि इतका मोठा श्वास सोडला की दोन्ही केस उडून गेले.

विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. घरचं सोडून, किड्यापुरतं. त्यांनी कपाटाच्या तळातून वाळवीनं कडेला खाल्लेलं एक जुनं जाडजूड पुस्तक काढलं आणि माझ्यापुढं टाकून ते तासाला गेले. दुपारपर्यंत मला सापडलं. दगडफूल खाऊन जगणारे पतंग असतात, लहान, नाजूक. त्यांचे सुरवंट केसाळ. त्यांच्यातल्या एका कुळाचा सुरवंट कोषात जायच्या वेळी अंगावरचे केस काढून त्यांचा पिंजरा विणतो आणि आत स्वतःला टांगून घेतो. पांढरा पतंग, पंखांवर तांबडे पट्टे, काळे ठिपके. खाली जातींची यादी होती, एकीपासून दुसरी ओळखायची खूण ठिपक्यांच्या संख्येत आणि जागेत. माझी जात कोणती हे पतंग हाती आल्याशिवाय कळणार नव्हतं. पण मला तेवढं पुरे होतं. मी पुस्तक पिशवीत घातलं, विचारायचं राहून गेलं, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी परत बहिणीच्या दारात उभा राहिलो.

आता माझी खरी करामत सांगतो. मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. मावशी, जाऊ, तिच्या मांडीवर बाळ, मागं दारात बहीण. कोळशानं फरशीवर सुरवंट काढला, कोष काढला, पिंजरा काढला. मी वर्गात कधी इतकं छान शिकवलं नव्हतं. मावशी ऐकत होत्या, मान हलवत नव्हत्या पण ऐकत होत्या. आणि मी शेवटाला आलो.

"तेव्हा काळजी करू नका मावशी. ह्यात कुणी कोंडलेलं नाही. चार दिवसांत त्यातनं पांढरी पाकोळी बाहेर येईल आणि उडून जाईल."

जावेनं बाळ छातीशी धरलं आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकलं.

"उडून जाईल," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात मला उमगलं मी काय बोललो ते. त्यांच्या हिशेबी त्या पिंजऱ्यात बाळाचा जीव होता आणि मी, शिकलेला माणूस, पुस्तक मांडीवर घेऊन त्यांना सांगत होतो की तो चार दिवसांत उडून जाणार.

मावशी उठल्या. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाट्या, फुलपात्री, दिव्यांची झाकणं घेऊन पडवीत गेल्या आणि एकेका पिंजऱ्यावर एकेक पालथं घालून कडेनं शेण लिंपायला लागल्या. मी मागं मागं जाऊन बोलत होतो. त्या लिंपत होत्या. वाट्या संपल्या तेव्हा बाळाची चांदीची वाटीसुद्धा लागली. भिंत बघवत नव्हती. काळ्या दगडावर पितळी फोड आल्यासारखी.

"सांजच्या गाडीनं घिऊन जावा तिला," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "जावई यायच्या आत." जावई म्हणजे आमच्या घरचे जावई, त्यांचाच मुलगा. त्याच्यासमोर त्यांना हे करायचं नव्हतं.

माझ्याकडं सांजेपर्यंतचा वेळ होता. दुसरं काही सुचेना म्हणून मी पडवीत पाट टाकून बसलो आणि भिंत बघायला लागलो. बोलून जे झालं ते झालं होतं. आता दाखवता आलं तरच.

दगडफुलाकडं नुसतं बघत बसलं की थोड्या वेळानं ते हलायला लागतं. आधी वाटतं डोळे शिणले. मग कळतं की खरंच हलतंय, त्याच रंगाची केसाळ जनावरं त्यावर चरताहेत, इतकी सावकाश की त्यांना बघण्यापेक्षा ती मघा कुठं होती हे आठवणं सोपं. आठदहा होती. एवढे दिवस घरातली माणसं ह्या भिंतीपुढनं जात होती आणि भिंत त्यांच्या पाठीमागं जेवत होती. माझ्या अंगावर काटा आला, शास्त्र ठाऊक असूनसुद्धा.

बाराच्या सुमाराला एकानं चरणं थांबवलं. वाटीच्या कडेला, मोकळ्या दगडावर येऊन ते गोल फिरायला लागलं. मग वाकलं, पाठीवरचा एक केस तोंडात धरला आणि ओढला.

मी बहिणीला म्हणालो, मावशींना बोलव. त्या आल्या नाहीत. पुन्हा बोलावलं तेव्हा तांदळाचं सूप घेऊन आल्या आणि भिंतीकडं पाठ अर्धी करून खडे निवडायला बसल्या. मी एक अक्षर बोललो नाही. आयुष्यात इतका वेळ गप्प मी फक्त तेव्हाच बसलो असेन.

सुरवंट केस उपटायचा, दगडाला लाळेनं चिकटवून उभा करायचा, वळायचा, दुसरा उपटायचा. कुंपणाच्या मेढी रोवाव्या तशी एक रांग झाली. मग आडवे केस. आत राहून, स्वतःभोवती. बाहेर पाऊस धरून होता आणि पडवीत दुसरा आवाज नव्हता. केव्हातरी सुपातल्या तांदळाचाही आवाज थांबला. जाऊ बाळाला घेऊन येऊन उभी राहिली. कुणी हललं नाही. विणकामात त्या जनावराला कसलीही घाई नव्हती, आणि जसजसा पिंजरा दाट होत गेला तसतसं ते उघडं पडत गेलं, पांढुरकं, सुरकुतलेलं. चारच्या सुमाराला अंगावर एक केस उरला नाही. ते पिंजऱ्याच्या मधोमध थरथरत राहिलं.

"आपलीच केसं उपटतंया," मावशी म्हणाल्या. आवाज इतका हळू की त्या आम्हाला सांगत नव्हत्या.

मग त्यांनी मान वर केली. बहीण खांबाला टेकून उभी होती, पदर खांद्यावर आलेला, त्या विरळ डोक्यासकट. मावशी तिच्या डोक्याकडं बघत राहिल्या. शेवटी सूप उचललं.

"पेटी आत ठिव," त्या तिला म्हणाल्या. "पुरणाची डाळ निवडायची हाय."

माफी वगैरे काही नाही. बहिणीनं पेटी आत नेली, डाळ निवडली.

पोळ्याच्या सकाळी, रात्रीच सणाला आलेले दाजी, त्यांचे थोरले भाऊ आणि जाऊ बाळाला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले, ओढे आता उतरलेले होते आणि मावशींनी 'जावा' म्हटलं होतं. डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं, वरचं दूध उकळून द्या म्हणाले. पंधरा दिवसांत बाळ सुधारलं. आता ते बाळ दोन पोरांचा बाप आहे. अंगारा लावलेलाच होता, हे मावशी शेवटपर्यंत सांगत राहिल्या, आणि मी कधी वाद घातला नाही.

बाळ गावाच्या शिवेबाहेर गेल्याची खात्री झाल्यावर मावशींनी एक वाटी काढली. खाली पतंग बसला होता. पांढरा, तांबड्या पट्ट्यांचा, पुस्तकातल्यासारखा. मी तो काडेपेटीत घातला, काडेपेटी खिशात, आणि खिसा एसटीत चाळीस माणसांच्या मधे. पुण्याला एका जाणकाराकडं पाठवला. चार महिन्यांनी उत्तर आलं: कूळ आपण म्हणता तेच, परंतु पंखांवरचे खवले झडल्यामुळे ठिपके मोजता येत नाहीत, सबब जात सांगता येत नाही. खाली, पतंगाचे पंख चिमटीत धरू नयेत अशी सूचना. पुढच्या वर्षी पाऊसच झाला नाही, भिंत कोरडी पडली, दगडफूल करपलं. त्या पतंगाचं पुरं नाव मला आजतागायत ठाऊक नाही.

पोळ्याच्या दुपारी मी निघालो तेव्हा बहीण इरलं पांघरून फाट्यापर्यंत पोचवायला आली. बैल रंगवून गावात फिरत होते, वाजंत्रीचा आवाज पावसातून मागं येत होता. मी फार खुशीत होतो. सुरवंटाचं, सूक्ष्मदर्शकाचं, सगळं पुन्हा सांगत होतो. ती ऐकत होती.

फाट्यावर गाडीची वाट बघताना ती म्हणाली, "दादा, तू आला नसतास तरी मी जाणारच होते. पेटी मीच भरली होती. आत्याबाईंनी नाही."

मी विचारलं, का.

"बाळ रडायचं ना रात्री. भिंतीपलीकडं. एका रात्री मी झोपेतनं उठले आणि म्हणाले, हे कायमचं गप झालं तर बरं होईल. मोठ्यानं म्हणाले. सकाळी त्यानं दूध तोडलं."

"अगं, तो किडा होता. तू डोळ्यांनी पाहिलास."

"किडा पाहिला मी," ती म्हणाली. "पण मी म्हणाले होते."

गाडी वळणावर दिसली. मी घाईघाईनं तिला म्हणालो, तापात होतीस तू, तापात माणूस काहीही बरळतं, ते मनावर घ्यायचं नसतं. तिनं मान हलवली, पटल्यासारखी, आणि माझी पिशवी आत दिली.

राजूर ओलांडलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ताप आषाढातला. बाळानं दूध तोडलं ते नागपंचमीनंतर. त्या रात्रीपर्यंत तिचा ताप उतरून चांगले पंधरा दिवस झाले होते, आणि हे तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं.